शेवटच्याला बोलू दे

१

माझे बाबा मालगाडीचे गार्ड होते. गाडीच्या शेवटच्या डब्यात एकट्याने बसायचं आणि डब्याच्या पाठीवरचा लाल दिवा पेटलेला आहे की नाही ते बघायचं. स्टेशनातून गाडी पुढे गेली की तिथला माणूस तो दिवा बघून घेतो. दिवा दिसला म्हणजे गाडी पूर्ण आली, मधला एखादा डबा सुटून मागे राहिलेला नाही. दिवा दिसला नाही तर मागून दुसरी गाडी सोडत नाहीत. हे त्यांचं काम होतं, आणि घरातही त्यांनी तेच चालवलं.

रविवारी ते आम्हाला चालायला न्यायचे. आमच्या वस्तीच्या मागच्या बाजूने लांब पल्ल्याची एक वाट जायची, डोंगररांगेच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दगडांवर पांढरे पट्टे रंगवलेले असायचे, ते बघत जायचं. अख्खी वाट एका दमात चालायची तर महिने लागतात आणि तेवढी रजा गार्डाला कोण देणार, म्हणून आम्ही ती तुकड्यातुकड्यांनी चाललो. एका रविवारी जिथे थांबलो तिथूनच पुढच्या रविवारी सुरुवात. आई म्हणायची, तुमच्या बाबांना सुट्टीच्या दिवशीही ड्युटी लागते. ती स्वतः कधी आली नाही.

पुढे बाबा, मग दादा, मग मी. "आयुष्यभर शेवटच्या डब्यात बसतोय, रविवारी तरी मला इंजिन होऊ द्या," असं ते म्हणायचे. वाट अरुंद झाली, धुकं उतरलं किंवा मोठं वळण आलं की ते थांबायचे आणि मागे न बघता म्हणायचे, "बोला." प्रत्येकाने आपल्या जागेवरून "आहे" म्हणायचं. शेवटच्याने त्यापुढे म्हणायचं, "मागे कोणी नाही." मग बाबा "गाडी पूर्ण" म्हणणार आणि पाऊल उचलणार. ते ऐकू आल्याशिवाय ते जागचे हलायचे नाहीत, मग पाऊस असो की काही असो. मागे वळून मात्र कोणीही बघायचं नाही. गार्डावर भरवसा नसेल तर गाडी चालवूच नये, असं त्यांचं म्हणणं होतं.

चढावर दमलं तर पुढच्याच्या पाठीवरच्या पिशवीचा मागचा पट्टा धरायची मुभा होती. मी दादाचा धरायची. पट्टा ताणला गेला की दादा काही न बोलता पाऊल आखूड टाकायचा. ओल्या कॅनव्हासचा वास, कागदात गुंडाळलेली उकडलेली अंडी, बुटात गेलेला खडा काढायला कोणी थांबू देत नाही म्हणून आलेला राग, हे सगळं मला अजून आवडतं. आजही नकाशावर तुटक रेघ दिसली की माझे तळपाय शिवशिवतात.

त्या रांगेत शेवटची मी होते. निदान कालपरवापर्यंत मी तसंच समजत होते.

२

मी कानांची तपासणी करते. माझ्या कामाच्या जागी एक छोटी खोली आहे. तिच्या भिंतींना करडा स्पंज लावलेला आहे, दार जाड आहे आणि एका भिंतीत काच आहे. माणूस आत हेडफोन लावून बसतो, मी काचेच्या बाहेर मशीनपाशी. आवाज ऐकू आला की त्याने बोट वर करायचं, एवढंच. पण आवाज एका तालात देऊन चालत नाही. मधूनमधून मुद्दाम काहीच द्यायचं नाही आणि बघत बसायचं. कितीतरी माणसं त्या रिकाम्या वेळेतही बोट वर करतात. ती खोटं बोलत नसतात. शांतता लांबली की कान स्वतःच काहीतरी तयार करतो, हे मी रोज डोळ्यांनी बघते.

आई गेल्यावर बाबा आमच्याकडे राहायला आले. आमच्याकडे म्हणजे मी आणि माझी लेक. ती शाळेत जाते, आणि ती कायम पुढे पळते म्हणून बाबा तिला इंजिन म्हणायचे. त्यांचा एक पाय अधू झाला होता. वाटेचा शेवटचा टप्पा तेवढा चालायचा राहिला होता आणि आता तो राहणारच होता. ते समोरच्या खोलीत खुर्चीत बसून असायचे. दुपारी आम्ही दोघी घरात शिरलो, चपला काढल्या की आतून हाक यायची, "बोला."

लेक म्हणायची, "आहे." मी दाराला कडी लावत म्हणायची, "आहे. मागे कोणी नाही." मग "गाडी पूर्ण," आणि मग चहा.

एका दुपारी "गाडी पूर्ण" आलंच नाही. मी पुन्हा म्हटलं, जरा मोठ्याने. बाबा दाराकडे बघत बसले होते. चिडलेले नव्हते. सिग्नलला थांबलेला माणूस बसतो तसे बसले होते.

"तू मधली आहेस," ते मला म्हणाले. "शेवटच्याला बोलू दे."

म्हातारपणी माणसं असं बोलतात. मी आत जाऊन चहा ठेवला. पाणी उकळायला लागलं तेव्हा बाहेरून त्यांचा आवाज आला, "गाडी पूर्ण," आणि खुर्ची करकरली.

३

मी त्यांना कामाच्या जागी घेऊन गेले. वयामुळे बारीक आवाज ऐकू येईनासे झाले असतील आणि त्यांना वाटत असेल कोणीतरी बोलायचं राहिलंय, असा माझा हिशोब होता. हिशोब चांगला होता. मी त्यांना हेडफोन लावून दिला, दार ओढून घेतलं आणि माझ्या जागेवर येऊन बसले.

जाड आवाज त्यांना व्यवस्थित ऐकू आले. बारीक आवाजांना बोट हललं नाही, आणि त्या वयात ते हलतही नाही. मग मी नेहमीसारखी रिकामी जागा सोडली. त्यांनी बोट वर केलं. पुढचा आवाज दिला, मग पुन्हा रिकामी जागा सोडली, आणि पुन्हा बोट वर गेलं. नुसतं वर गेलं नाही, ते मानही डोलवत होते. मशीनचे बारीक आवाज त्यांना ऐकू आले नव्हते, पण आता जे ऐकू येत होतं तेही बारीकच असावं, कारण ते कान पुढे करून ऐकत होते.

रिपोर्टमध्ये मी "आवाज नसताना प्रतिसाद" असं लिहिलं. त्यासाठी तिथे वेगळी जागाच असते. बाहेर आल्यावर बाबा खुशीत होते. म्हणाले, "मस्त आहे गं तुझी खोली. आत सगळ्यांचं नीट ऐकू येतं."

मी त्यांना रिक्षात बसवलं आणि पुढच्या पेशंटला बोलावलं.

४

बाबा गेले ते झोपेत गेले. दादा आला, पुढचं सगळं त्यानेच बघितलं. माणसं येत होती, मी त्यांना पाणी देत होते. मला काही वाटत नव्हतं. हे मी धीराची म्हणून सांगत नाही, मलाच ते चुकीचं वाटायला लागलं होतं. लेक रडली, दादा न्हाणीघरात जाऊन रडला. मी कपाटातले त्यांचे शर्ट घडी करून ठेवले आणि बाकीचं सामान काढायला बसले.

खालच्या कप्प्यात त्यांचा लाल दिवा होता. निवृत्तीच्या वेळी मागून घेतलेला, मूठ असलेला, सेलवर चालणारा. त्याच्यामागे आमच्या दोघांच्या लहानपणच्या पिशव्या होत्या. बाबा काही टाकून द्यायचे नाहीत. दादाच्या पिशवीचा मागचा पट्टा मध्यभागी झिजून मऊ झाला होता, तिथे माझी मूठ असायची. दादाला हसू आलं. "बघ, किती ओढायचीस मला," तो म्हणाला.

मग मी माझी पिशवी उलटी केली. तिचाही पट्टा झिजला होता. दादाच्या पिशवीपेक्षा जास्तच, एका जागी धागे निघाले होते आणि आईने त्यावर निळ्या दोऱ्याने टाके घातले होते. झीज अरुंद होती, माझ्या त्या वेळच्या मुठीपेक्षाही लहान मुठीची. आम्ही दोघंही ते बघत राहिलो. दादा म्हणाला की खिळ्याला टांगलेली असायची, त्यानेच झिजली असेल. मी म्हटलं, असेल.

थोड्या वेळाने तो म्हणाला, "तू 'मागे कोणी नाही' म्हणायचीस ना, तुझा आवाज तेव्हा कसला बारीक होता. असा." आणि त्याने तो काढून दाखवला, चपटा, नाकातला, एका सुरातला.

त्याने हुबेहूब काढला. मी तो लगेच ओळखला, आणि ओळखला हीच अडचण होती. आपला स्वतःचा आवाज आपल्याला डोक्याच्या हाडांतून ऐकू येतो, म्हणून तो जाड आणि भरलेला वाटतो. स्वतःचं बोलणं टेप करून ऐकलं की माणसं म्हणतात, हा माझा आवाज नाहीच, ते त्यामुळेच. माझ्या आठवणीतला आवाज बारीक आणि चपटा होता. तो मला हवेतून, मागून ऐकू आला होता. "आहे" म्हणताना माझं तोंड हललेलं मला आठवत होतं. पुढचं वाक्य बोलताना हललेलं आठवत नव्हतं.

दादाला मी हे सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी त्याला गाडी पकडायची होती.

५

आलेली माणसं परतली, घर रिकामं झालं. खुर्ची आम्ही हलवली नाही. दुपारी आम्ही दोघी घरात आलो की लेक स्वतःच खुर्चीकडे बघून म्हणायची, "बोला." पोरीचं मन हलकं होत असेल तर होऊ दे, म्हणून मी साथ द्यायची.

एका दुपारी माझ्या दोन्ही हातांत पिशव्या होत्या. मी "आहे" म्हटलं आणि एक पिशवी फाटून सगळे बटाटे जिन्यात घरंगळले. मी ते गोळा करायला वाकले. आतून लेकीचा आवाज आला, "गाडी पूर्ण."

बटाटे टोपलीत टाकताना मी तिला विचारलं, मी पुरतं बोलायच्या आतच कशी काय गं तुझी गाडी पूर्ण झाली?

"तू बोललीस ना," ती म्हणाली.

"मी बटाटे गोळा करत होते."

"मग काय झालं? ऐकलं मी. 'मागे कोणी नाही.'" ती मोबाइलमधून मान वर न करता म्हणाली. "आजकाल तू कसल्या विचित्र आवाजात म्हणतेस ते."

मी दार उघडून जिन्यात बघितलं. खालच्या वळणावर एक बटाटा राहिला होता, तो आणला. त्या आठवड्यात मी जेवणाच्या सुट्टीत माझे स्वतःचे कान तपासून घेतले. दोन्ही उत्तम आहेत. सहकारीण म्हणाली, रजा घे, कुठेतरी जाऊन ये.

६

म्हणून आम्ही तो राहिलेला टप्पा चालायला गेलो. कल्पना माझीच. मला वाटलं होतं, वाट संपवली की आत काहीतरी हलेल. नाही हलणार तर निदान पाय तरी दुखतील.

बाबा जिथे थांबले होते तिथून सुरुवात केली. वाट जिथे संपते त्या शेवटच्या खांबापर्यंत सगळा नागमोडी चढ होता. वाटेचा एक लांब पट्टा डावीकडे, वळण, एक लांब पट्टा उजवीकडे, असा. वरून खाली बघितलं की आपण मघाशी चाललेला पट्टा पायाखाली दिसतो. बाबांचा दिवा लेकीने हट्टाने आणला होता, नवे सेल घालून. इंजिनाला पुढे चालायचं होतं, पण वाट ओली होती आणि दगडांवरचे पांढरे पट्टे पुसट झाले होते, म्हणून पुढे मी चालले. ती फुरंगटून मागे आली, दिवा हातात धरून. सकाळची वेळ होती, धुकं उतरायला लागलं.

पहिल्या वळणावर मी थांबले. "बोला."

"आहे. मागे कोणी नाही," लेक म्हणाली. खणखणीत आवाजात.

"गाडी पूर्ण."

पाय चालत राहिले, दम लागला, बरं वाटलं. लहानपणी वाटायचं तसंच, डोकं रिकामं आणि पुढचा पांढरा पट्टा. पुढची काही वळणं अशीच गेली. मग धुकं दाट झालं आणि मी पुन्हा म्हटलं, "बोला."

"आहे," लेक म्हणाली. आणि थांबली.

तिला धाप लागली असेल म्हणून मी वाट बघितली. "मागे कोणी नाही" आलं, पण उशिरा आलं आणि खालून आलं. डोंगरात आवाज फिरतो. मात्र फिरून येणारा आवाज तेच शब्द परत आणतो, न बोललेले आणत नाही, हेही मला माहीत होतं. मी "गाडी पूर्ण" म्हटलं नाही. मान न वळवता, वाटेच्या कडेवरून खाली बघितलं.

धुक्यात वाटेच्या खालच्या पट्ट्यावर लाल दिवा होता. जमिनीपासून फार वर नव्हता. चालणाऱ्याच्या हातात डुलतो तसा डुलत तो वळणाकडे येत होता. लेक माझ्या मागे हाताच्या अंतरावर होती, तिचा श्वास ऐकू येत होता.

"दिवा कुठे आहे?" मी विचारलं.

"दिला."

"कोणाला?"

"शेवटच्याला," ती म्हणाली. "दिवा शेवटच्याकडेच पाहिजे ना. मी मागे नाही बघितलं, आई. नुसता हात मागे केला, तर घेतला."

७

परत जायचं तर खाली त्या दिव्यावरूनच जावं लागलं असतं. मी लेकीला म्हटलं, इंजिन, तू पुढे हो. ती खूश झाली. वाटेच्या आतल्या बाजूने तिला पुढे काढलं आणि मी तिच्या मागे उभी राहिले. माझी पाठ आता उघडी होती. बाबा गेल्यापासून पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं आणि ती साधी भीती होती. माझ्यासाठी नाही. माझ्या पुढे जी चालली होती तिच्यासाठी.

लेक पुढे गेली. मागे बारीक पावलं वाजत होती, माझ्या पावलांत मिसळत, मी थांबले की थांबत. मी स्वतःला समजावलं की बुटाचा तळ ओला आहे, पाण्याचा आवाज होतो. एक वळण गेलं. पुढच्या वळणावर धुक्यात लेकीची पाठ जेमतेम दिसत होती. ती थांबली. "बोला."

"आहे," मी म्हटलं.

पुढचं वाक्य माझ्या जिभेवर होतं. मी ते म्हटलं असतं तर गाडी हलली असती, लेक त्या दिव्यापासून लांब गेली असती, आणि मागे जे कोणी होतं ते सुटून तिथेच राहिलं असतं. मला तेच हवं होतं. मी तोंड उघडलंही होतं. पण या वाटेवर ते वाक्य मी कधीच म्हटलेलं नव्हतं, तिथे उभं राहिल्यावर माझी त्याबद्दल खात्री पटली. ज्याने ते दर रविवारी म्हटलं होतं त्याला टाकून जायला माझी जीभ उचलेना. मी तोंड मिटलं.

माझ्या पाठीमागे, अगदी जवळ, माझ्या कमरेच्या उंचीवर तो बारीक आवाज म्हणाला, "आहे."

एवढंच. मधल्याने म्हणावं तसं. पुढचं वाक्य त्याने म्हटलंच नाही.

लेक पुढे उभी होती, हलत नव्हती. मीही उभी राहिले. शांतता लांबली. रोज मी काचेबाहेर बसून अशी शांतता दुसऱ्यांना देते आणि त्यांचं बोट कधी वर जातं ते बघते. माझे हात मी पाठीवरच्या पिशवीच्या पट्ट्यांत अडकवून ठेवले होते. धुक्यातून खाली दिवा दिसला. तो आता लांब होता आणि उंचावर होता, मोठ्या माणसाने हात खाली सोडला की मूठ जिथे येते तिथे. एका बाजूला जरा जास्त झुकत तो वर येत होता, एक पाय अधू असल्यासारखा.

मग खालून खाकरल्याचा आवाज आला. बोलायच्या आधी बाबा कायम खाकरायचे.

"मागे कोणी नाही."

लेकीने मागे बघितलं नाही. तिचे खांदे वर गेले आणि हळूहळू खाली आले. "गाडी पूर्ण," ती म्हणाली. आवाज चिरकला होता, पण तिने पाऊल उचललं.

मला तेव्हाही रडू आलं नाही. मी चालायला लागले. चढ उभा झाला, आणि माझ्या पिशवीचा मागचा पट्टा कोणीतरी धरला. ओढ फार नव्हती, दमलेल्या लहान मुठीची असते तेवढीच. मी पाऊल जरा आखूड टाकलं.